सात नंबरची चाल

“मग ते कपाट शेवटी कोणाच्या खोलीत गेलं?” सिस्टरने विचारलं, आणि टेबलावर आडवा झालेला टॅक्सीवाला जो सुटला तो सुटलाच.

कपाट त्याच्या आईचं. आई गेल्यावर थोरल्या भावाने ते परस्पर उचलून नेलं होतं, आणि वर वहिनी सगळ्यांना सांगत सुटली होती की धाकट्या भावजींनीच आग्रह करून दिलं. टॅक्सीवाला तसा चांगला दांडगा गडी, पण आत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. उजव्या अंगठ्याचं नख कडेने मांसात घुसलेलं, अंगठा लालबुंद होऊन फुगलेला, आणि नेमका ब्रेक दाबायचा तोच पाय. त्याच्या कमरेवर आडवा हिरवा पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडे सिस्टर, पलीकडे डॉक्टर. कपाटाच्या आरशाला तडा कोणाच्या हातून गेला इथवर गोष्ट आली, तशी सिस्टर मान हलवून म्हणाली, “अगदी बरोबर केलंत तुम्ही.”

डॉक्टरांनी सुई टोचली. टॅक्सीवाला ‘आई गं’ म्हणाला खरा, पण ते अंगठ्यासाठी की कपाटासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

नखाच्या ह्या ऑपरेशनमध्ये दुखतं ते एवढंच. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भूल टोचतात, त्या सुईने भलेभले गार होतात. एकदा अंगठा बधिर झाला की नखाची घुसलेली कड उभी कापून काढायची, तेवढी कड पुन्हा उगवू नये म्हणून मुळाशी औषध लावायचं, आणि पट्टी बांधून माणसाला घरी पाठवायचं. सिस्टरचं काम म्हणजे चिमटे-कात्र्या मांडणं आणि पट्ट्या बांधणं. पण तिचं खरं काम त्या सुईच्या वेळचं. बोलायचं. लोकांना वाटतं, माणसाला आनंदाच्या गोष्टी विचाराव्यात. साफ चूक. मुलाबाळांचं विचारलं तर माणूस ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो आणि पुन्हा अंगठ्याकडे वळतो. त्याला त्याचं एखादं अर्धवट राहिलेलं भांडण विचारावं. मग पाय कापून नेला तरी त्याला पत्ता लागत नाही. माणूस पुरता रंगात आला की ती म्हणायची, ‘अगदी बरोबर केलंत तुम्ही.’ डॉक्टर मुलखाचे अबोल, पण ह्या एका वाक्याकडे त्यांचे कान लागलेले असायचे.

पट्टी बांधून झाल्यावर तिने टॅक्सीवाल्याला नेहमीचा पाठ दिला. नख सरळ कापा. कोपरे गोल करू नका. आणि बूट बघून घ्या, बोटांना आत हलायला जागा पाहिजे. “पायाच्या मापाचा बूट घ्यायचा. बुटाच्या मापाचा पाय करायचा नाही. कळलं?” टॅक्सीवाल्याने शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली आणि कपाटाचं पुढे काय करू, असं विचारलं.

सिस्टरचा नवरा बुटांच्या दुकानात होता. गल्लीत सगळे त्यांना मापवाले म्हणत. समोरून येणाऱ्याच्या पायाकडे नुसती नजर टाकून ते नंबर सांगत. मग मापपट्टीवर पाय ठेवून घेत तो फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. ती नर्सिंग शिकत होती तेव्हा पांढरे बूट घ्यायला त्या दुकानात गेली होती. त्यांनी समोरच्या बुटक्या स्टुलावर बसून तिचा पाय मांडीवर घेतला, ‘साडेचारचा आहे, पण पाचचा घ्या, तुम्हाला दिवसभर उभं राहायचंय’ म्हणाले, आणि खोकी आणायला आत गेले. ती त्या पाठमोऱ्या चालीकडे बघतच राहिली. घरात आजारी माणूस झोपलंय आणि त्याची झोप मोडायची नाही, असा तो माणूस चालत होता. पाऊल टेकतंय न टेकतंय असं.

आता चालीवर कोणी भाळतं का? पण तिच्या माहेरी वडील संध्याकाळी जिना चढायला लागले की पहिल्याच पायरीला घर गप्प व्हायचं. दाण, दाण, दाण. आई चुलीकडे तोंड वळवायची, भावंडं पुस्तकात डोकी खुपसायची, आणि ही उठून आतल्या खोलीत जायची अन् दाराला कडी घालायची. वडील मारकुटे नव्हते, पण बाहेरचा सगळा राग ते त्या पावलांतून घरी आणायचे. त्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या तिने मनाशी ठरवून टाकलं, ह्या माणसाने आपला जिना चढावा.

लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिने हे त्यांना सांगूनही टाकलं. मापवाले लाजले आणि बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत बसले. ते लाजल्याचं तिच्या लक्षात राहिलं, बुटांकडे बघत बसल्याचं नाही.

संसार चांगला झाला. ती बोलायची, ते ऐकायचे. संध्याकाळी ती घरी येऊन दिवसभराचे अंगठे त्यांच्यापुढे मांडायची, कोणाला काय विचारलं, कोण कसा फसला, सगळं अगदी नकला करून. मापवाले पोट धरून हसायचे. त्यांचं घरी येणं मात्र तिला कधी ऐकू आलं नाही. बेल वाजायची, ती दार उघडायची, आणि ते दारात हसत उभे असायचे. तेवढ्यानेच तिला बरं वाटायचं.

तर ह्या मापवाल्यांनी अलीकडे एक नवीन खूळ काढलं होतं. आपले मोजे ते आपणच धुवायला लागले होते. तुझे हात दिवसभर औषधांत असतात, तेवढीच तुला मदत, असं म्हणायचे. सिस्टरने दवाखान्यात चारचौघींत ह्याची फुशारकी मारून घेतली. पुरुषमाणूस असावा तर असा, म्हणाली. आणि मग एका सुटीच्या दिवशी न्हाणीघरातली बादली सरकवली, तर भिंतीच्या फटीत एक मोजा सापडला. पुढच्या टोकाला कडक झालेला, पिवळसर तांबूस डाग. असा डाग तिने जन्मभर बघितला होता. दुसऱ्या कोणी त्याला चहाचा डाग म्हटलं असतं.

ती मोजा हातात घेऊन बाहेर आली. मापवाले पेपर वाचत होते.

“पाय दाखवा.”

“कोणता?”

“ज्याचा हा मोजा आहे तो.”

तिने खाली बसून अंगठा बघितला. नख दोन्ही कडांनी रुतलं होतं, एका बाजूला मांस वर आलं होतं, दाबलं की पू येत होता. आणि मापवाल्यांना साखरेचा त्रास, रोजची गोळी. अशा पायाची जखम चिघळली की काय होतं ते तिने वॉर्डात उभं राहून बघितलेलं. आज अंगठा, उद्या पाऊल. ‘उद्या सकाळी माझ्याबरोबर चला,’ ती म्हणाली. मापवाले म्हणाले, गरम पाण्यात पाय बुडवतोय, उतरेल. ती म्हणाली, उतरायचा काळ कधीच गेला. ते म्हणाले, बघू. ह्या ‘बघू’ने चार दिवस काढले.

शेवटी घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. मापवाल्यांना सुईची भीती वाटत होती, आणि ह्या भीतीवरचं जगातलं एकमेव औषध त्यांच्यावर चालणार नव्हतं. “तू काय विचारणार मला?” ते अगदी पडलेल्या आवाजात म्हणाले. “तुझे सगळे डाव मला पाठ आहेत. आणि भांडण कोणाचं काढशील? माझी कोणाबद्दल काही तक्रारच नाही गं.”

हे मात्र खरं होतं. एवढा सरळ माणूस पेशंट म्हणून अगदीच कुचकामी.

त्या संध्याकाळी सिस्टर गप्प झाली. हा काही डाव नव्हता, तिला खरंच बोलवेना. ताटं घेतली, जेवणं झाली, भांडी विसळली, आणि दवाखान्यातल्या एकाही अंगठ्याचा विषय निघाला नाही. मापवाले एकदा-दोनदा म्हणाले, आज कोण आलं होतं? ती म्हणाली, कोणी नाही. त्या घरात एवढी शांतता कधी झाली नव्हती. थोड्या वेळाने मापवाले स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “उद्या येतो मी. पण तू बोल बाई काहीतरी.”

डॉक्टरांनी पाय तपासला, पावलावरची नाडी बोटाने चाचपली, साखर मोजायला लावली. रक्त व्यवस्थित पोचतंय, म्हणाले, साखरही आवाक्यात आहे, आजच करून टाकू. मग जरा थांबून, अबोल माणूस म्हणून जास्तच ठळकपणे म्हणाले की आणखी पंधरा दिवस गेले असते तर ह्या अंगठ्याची हमी मी दिली नसती. सिस्टरने ट्रे उचलला तर आतले चिमटे खुळखुळ वाजायला लागले. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि दुसऱ्या सिस्टरला बोलवू का, असं हळूच विचारलं. ती म्हणाली, इथे बोलायचं काम माझं आहे.

पडदा लागला. तिने मापवाल्यांचा हात हातात घेतला. नेहमी पेशंटचा हात गार असतो. आज तिचा होता.

तिने सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्यांचा विषय काढला, जे गॅलरीतून पाणी सांडतात. मापवाले म्हणाले, सांडतं कधीमधी. दुकानातला दुसरा विक्रेता काढला, जो ह्यांची गिऱ्हाइकं पळवतो. ते म्हणाले, त्याला बिचाऱ्याला लहान मुलं आहेत. मग तिला काही सुचेचना. ती म्हणाली, ते कपाट शेवटी... आणि मापवाल्यांना हसू आलं. कपाट टॅक्सीवाल्याचं गं, ते म्हणाले. पलीकडे डॉक्टर सुई भरून थांबले होते. सिस्टरची नजर पुन्हा पुन्हा पडद्यावरून पलीकडे जात होती, त्या अंगठ्याकडे. हजारांनी अंगठे बघितलेली बाई, पण तिला त्या क्षणी घेरी येईलसं वाटत होतं. मापवाल्यांनी तिचा चेहरा बघितला. आयुष्यभर ते लोकांच्या पायांकडे बघत आले होते, पण हा चेहरा त्यांना चांगला ठाऊक होता.

“अगं, इकडे बघ,” ते म्हणाले. “तुला एक सांगायचं राहून गेलंय.”

“आत्ता?”

“आत्ताच. माझा पाय सातचा नाहीये. आठचा आहे.”

सिस्टरला आधी नीट कळलंच नाही. मापवाले सांगत गेले, सावकाश, गिऱ्हाइकाला बुटाचं कातडं समजावून सांगावं तसं. कारखान्यांकडून दुकानात नमुन्याचे जोड येतात ते सगळे एकाच मापाचे, सात नंबरचे. जुन्या मालकांचा नियम असा की विक्रेत्याने तेच जोड घालून दुकानात हिंडायचं, म्हणजे नवा माल गिऱ्हाइकाला चालताना दिसतो. म्हणून ते माणूस घेताना आधी पायाचा नंबर विचारत. ह्यांच्या आधी आलेल्याचा नऊ निघाला, त्याला उभ्या उभ्या परत पाठवलं. ह्यांना नोकरीची गरज होती. मालकांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, सात. आणि सातमध्ये पाय घालून चालून दाखवलं.

“पण तो नियम तर कधीच गेला,” सिस्टर म्हणाली. “नवे मालक आले तेव्हाच. तुम्हीच मला सांगितलं होतंत.”

“हो.”

“मग तेव्हा का नाही बदललेत?”

“तोवर तू म्हणून बसली होतीस ना, चालीवर भाळले म्हणून.” मापवाल्यांनी तिचा हात जरा दाबला. “ती चाल माझी नव्हती गं. बुटांची होती. बोटं चिमटायची म्हणून मी तसा चालायचो. मोठा जोड घातला असता तर मी कसा चाललो असतो, मला तरी कुठे ठाऊक? तुझ्या वडिलांसारखा दाणदाण चालायला लागलो असतो तर? मग म्हटलं, राहू दे. सवयीचं झालंय.”

सिस्टरचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पडदा, ट्रे, अंगठा, कशाचंही तिला भान उरलं नाही. त्या बाईची बोलती बंद झालेली डॉक्टरांनी प्रथमच बघितली. मापवाल्यांनी मान उचलून पडद्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, “मी अगदी बरोबर केलं की नाही, डॉक्टर?”

डॉक्टरांनी सुई टोचली.

मापवाल्यांनी डोळे घट्ट मिटले, हूं की चूं केलं नाही. पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. नखाच्या दोन्ही कडा निघाल्या, औषध लागलं, पट्टी बांधायला सिस्टर स्वतः वाकली तेव्हा तिचे हात स्थिर होते, पण पट्टीवर टपटप पाणी पडत होतं. ती ओली झाली म्हणून तिने ती फेकली आणि दुसरी घेतली.

“खरं होतं ते?” तिने विचारलं. “की मला गुंतवायला सांगितलंत?”

“दोन्ही,” मापवाले म्हणाले.

घरी आल्यावर तिला राग आला. मापवाले पाय उशीवर ठेवून झोपले, तेव्हा तिने बुटांचं कपाट उघडलं आणि एकेका जोडाच्या आत हात घालून बघितला. प्रत्येकाच्या आत अंगठ्याच्या जागी कातडं ताणून पातळ झालेलं. तिला त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. सगळ्या गावाला मी बुटाच्या मापाचं शहाणपण शिकवते, आणि रात्रंदिवस माझ्याशेजारी झोपणारा माणूस ह्या चिमट्यात पाय घालून हिंडतोय. तेही माझ्या एका बोलण्यापायी! मग तिला हसूही आलं. आपण ज्या चालीवर एवढ्या भाळलो ती ठणकणाऱ्या अंगठ्याची चाल होती, हे कोणाला सांगायची सोय नव्हती. ते सगळे जोड तिने एका पिशवीत भरले, आणि ज्यांचा पाय खरोखर सातचा असेल त्यांना द्यायला म्हणून दाराशी ठेवले.

अंगठा भरून यायला वेळ लागला, पण आला. पट्टी ती रोज घरीच बदलायची आणि प्रत्येक वेळी एखादं वाक्य सुनवायची. मापवाले मुकाट ऐकून घ्यायचे. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं ह्यातच ते खूश होते. डॉक्टरांनी बूट घालायला परवानगी दिली त्या दिवशी तिने त्यांना बजावून दुकानात पाठवलं, आज विकायचं नाही, आज घ्यायचं. मापपट्टीवर पाय ठेवा आणि दुसऱ्या कोणाकडून तरी मापून घ्या.

संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. खालचं दार वाजलं, आणि जिन्यावर पावलं आली. दाण. दाण. दाण. भरभक्कम, पूर्ण तळवा टेकवून चढणारी पावलं. हातातली घडी तशीच टाकून ती कधी उठली ते तिचं तिला कळलं नाही. बेल वाजली तेव्हा ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिचा हात कडीवर होता.

“अगं, मी आहे,” बाहेरून मापवाले म्हणाले.

तिने दार उघडलं. मापवाले तपकिरी रंगाचे, पुढे चांगले रुंद बूट घालून उभे होते आणि त्यांचं तोंड आनंदाने फुललं होतं. साडेआठ निघाला, ते म्हणाले, वयाने पाय पसरतो. आत पाचही बोटं हलतात, बघ, बाहेरून दिसत नाही पण हलतात. एवढं बोलून त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचं हसू मावळलं.

“फार वाजतात का?”

खोटं बोलायला तिला एका क्षणाचाही वेळ लागला नसता, टेबलावरच्या माणसांशी जन्मभर तेच केलं होतं. पण ती म्हणाली, “वाजतात.”

“उद्या बदलून आणतो. दुकान आपलंच आहे. मऊ तळव्याचे घेईन, नाहीतर...”

“बूट बदलायचे नाहीत,” सिस्टर म्हणाली. “खाली जा, आणि परत चढून या.”

“आत्ता? कशाला?”

“माझ्या कानांना सवय नको का व्हायला? जा.”

मापवाले गेले. तिने दार लोटून घेतलं, त्याला टेकून उभी राहिली आणि डोळे मिटले. खालचं दार वाजलं. दाण, दाण. तिने कान देऊन ऐकलं. पहिल्या मजल्यावर पावलं थांबली. वडिलांची कधी थांबली नव्हती. मग बुटाचं टोक जमिनीवर घासल्याचा आवाज आला, खरर, आणि पावलं पुन्हा चढायला लागली. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबली, पुन्हा तोच आवाज. सिस्टरला आधी उमजेना. मग एकदम उलगडलं. शेजाऱ्यांच्या दाराशी वाकडी झालेली पायपुसणी मापवाले बुटाच्या टोकाने सरळ करत येत होते. ह्या जिन्यातली पायपुसणी नेहमी कशी सरळ असतात, ह्याचं तिला कितीदा नवल वाटलं होतं. इतकी वर्षं हा माणूस असाच येत असणार, दारोदारचं काहीबाही नीट लावत, आणि तिला कधी ऐकूच आलं नव्हतं.

शेवटच्या वळणावर त्यांना जरा धाप लागली, तीही तिला ऐकू आली. मग पुन्हा दाण, दाण, शेवटच्या पायऱ्या. मापवाले वर पोचले आणि त्यांनी बेलकडे हात नेला, पण बेल वाजवायची गरज पडली नाही. तिने दार आधीच उघडून ठेवलं होतं.